आवाज मॅगझीनचा हवा, उस्तादांचा नको

(आमच्या सामुदायिक रेडिओ केंद्रावरून प्रसारित झालेलं भाषण)



आजचा विषय ऐकून काही जणींना नवल वाटेल. पापड, बचतगट, बाळंतिणीचा आहार सोडून आज ही बाई बंदुकीबद्दल बोलणार? हो, बंदुकीबद्दलच बोलणार आहे, पण बंदूक कशी चालवतात यापेक्षा ती कशी शिकवतात याबद्दल.

आपल्याच गावात बघा. पहाटे पाचला शाळेच्या मैदानावर किती मुली धावताना दिसतात. कुणी गोळाफेक करतं, कुणी आठशे मीटरची वेळ लावतं. पोलीस भरतीची ही तयारी असते. आपल्या राज्यात पोलीस भरतीत महिलांसाठी ३० टक्के आरक्षण आहे. आपण धावण्याची काळजी घेतो, खुराकाची घेतो, लेखी परीक्षेच्या पुस्तकांना पैसे देतो. पण भरती झाल्यावर प्रशिक्षण केंद्रात एके दिवशी पोरीच्या हातात खरी रायफल येते, खरे राऊंड येतात, आणि मागे एक उस्ताद उभे असतात. त्या दिवसाबद्दल तिला कुणी काही सांगितलेलं नसतं. कॉलेजात एनसीसी घेतलेल्या मुली शिबिरात पॉइंट टू-टू रायफलवर फायरिंग करतात. आणि आता जिल्ह्याजिल्ह्यांत शूटिंगच्या रेंज निघाल्यात, तिथे आठवी-नववीतल्या मुलीही जातात. मी अशाच एका रेंजवर मुलींना शिकवते. त्यामुळे आया येऊन मला काय विचारतात ते मला ठाऊक आहे. पहिला प्रश्न असतो, “मॅडम, फार ओरडतात का हो तिथं?”

प्रश्न साधा वाटतो, पण त्यातच सगळं आलं. शस्त्र शिकवणाऱ्याचं वागणं आणि शिकणारीच्या हातातलं शस्त्र भरवशाने चालणं, या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत. त्या कशा, हे समजायला एक छोटंसं काम उदाहरण म्हणून घेऊ. ते काम म्हणजे मॅगझीन भरणं आणि बदलणं.

मॅगझीन म्हटलं की आपल्याला मासिक आठवतं. दोन्ही शब्द एकाच घरचे आहेत. मूळ अरबी शब्दाचा अर्थ कोठार. मासिक म्हणजे लेखांचं कोठार, आणि बंदुकीचं मॅगझीन म्हणजे काडतुसांचं. ही एक लहान डबी असते. आत स्प्रिंग असते, स्प्रिंगवर एक पट्टी. काडतुसं एकावर एक दाबून बसवायची, स्प्रिंग त्यांना वर ढकलत राहते. डबीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंनी पत्रा आत वळवलेला असतो, आपल्या ओठांसारखा. तो काडतूस धरून ठेवतो. ही डबी पिस्तुलाच्या मुठीत किंवा रायफलीच्या पोटाखाली बसते. एक गोळी सुटली की रिकामं केस बाहेर फेकलं जातं आणि पुढचं काडतूस आपोआप चेंबरमध्ये सरकतं.

ऐकायला सोपं आहे. पण रेंजवर अडचणी येतात त्यातल्या पुष्कळशा या डबीपाशीच येतात. ट्रिगर दाबला, आवाजच नाही. किंवा पहिली गोळी सुटली आणि दुसरी तिरकी होऊन अडकली. अशा वेळी मुलगी घाबरते, मागे बघते, आणि मनात म्हणते, “मला जमत नाही. हे पुरुषांचंच काम.” पण त्यात बाईपुरुषाचा काहीच संबंध नसतो. संबंध असतो चार-पाच बारीक गोष्टींचा. त्या मी सांगते. ज्यांच्या मुली शिकतायत त्यांनी नीट ऐका, बाकीच्यांनी आपल्या शिलाई मशीनची बॉबीन डोळ्यांसमोर आणून ऐका.

पहिली गोष्ट, काडतुसं भरणं. पॉइंट टू-टूच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते. भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्या कडेच्या पुढे आली पाहिजे. उलटी झाली तर एकाची कड दुसऱ्यात अडकते आणि वरचं काडतूस पुढे सरकतच नाही. म्हणून एकेक काडतूस घालायचं, खालचं दाबून, वरचं मागे पूर्ण सरकवून. सगळी भरली की मॅगझीनची मागची बाजू तळहातावर हलकेच ठोकायची, म्हणजे सगळी मागे नीट टेकतात. मग वरच्या काडतुसाकडे एकदा बघायचं. त्याचं तोंड सरळ किंवा किंचित वर असलं पाहिजे. खाली झुकलेलं दिसलं तर काढून परत भरायचं.

दुसरी गोष्ट, मॅगझीन बसवणं. यासाठी मी मुलींना घरचा गॅस सिलिंडर आठवायला सांगते. रेग्युलेटर आपण कसा लावतो? नुसता ठेवत नाही. दाबतो, ‘खट्’ ऐकतो, आणि मग वर ओढून बघतो की बसला का. मॅगझीनचंही तेच. सरळ वर घालायचं, तळहाताने खालून ठामपणे दाबायचं, ‘खट्’ ऐकायचं, आणि खाली ओढून बघायचं. ओढल्यावर हाती आलं तर ते बसलेलंच नव्हतं. पोलिसांकडच्या लांब रायफली थोड्या वेगळ्या. एसएलआर असो की इन्सास, दोन्हींचं मॅगझीन वीस राऊंडचं, आणि ते सरळ वर जात नाही. आधी पुढचं टोक खाचेत अडकवायचं, मग मागची बाजू वर झुलवून बसवायची. पुढचं टोक न अडकवता जोर लावला तर कितीही ताकद असू दे, ते बसत नाही. म्हणजे इथे ताकदीपेक्षा क्रम महत्त्वाचा.

आणखी एक. मॅगझीन काठोकाठ भरलेलं असलं की आतली स्प्रिंग पूर्ण दबलेली असते. पोलिसांच्या जुन्या नऊ एमएम पिस्तुलाचं मॅगझीन तेरा राऊंडचं. ते पूर्ण भरून, स्लाईड बंद असताना घालायला गेलं तर जास्त दाब द्यावा लागतो. हळुवार ढकललं तर वाटतं बसलं, पण बसलेलं नसतं. पहिल्या गोळीनंतर ते सटकतं.

तिसरी गोष्ट, स्लाईड. मॅगझीन बसलं की स्लाईड मागे पूर्ण ओढायची आणि सोडून द्यायची. नव्या मुली काय करतात, भीतीने स्लाईड हाताने धरून धरून पुढे पोचवत आणतात, दार वाजू नये म्हणून आपण लोटतो तशी. पण काडतूस चेंबरमध्ये नीट जायला स्प्रिंगचा पूर्ण जोर लागतो. हाताने धरलं की तो जोर मरतो आणि काडतूस अर्ध्यात राहतं. शिकवणारा सांगतो, “ओढ आणि सोड.” ही सोडण्याची हिंमत मुलीला यायला हवी, आणि ती कशाने येते याकडे मी पुढे येणारच आहे.

चौथी गोष्ट, मॅगझीनची निगा. सिमेंटच्या ओट्यावर तोंडावर पडलेल्या मॅगझीनचे ओठ वाकतात. डोळ्याला दिसणार नाही इतके वाकतात, पण काडतूस तिरकं जायला तेवढं पुरतं. म्हणून प्रत्येक मॅगझीनवर आकडा घालायचा, एक, दोन, तीन. ज्या नंबरला अडकलं तो वहीत लिहायचा. तोच नंबर परत आला तर दोष हाताचा नाही, डबीचा आहे. ती बाजूला काढून दुरुस्तीला द्यायची. पॉइंट टू-टूच्या गोळीला मेणासारखं वंगण असतं, त्यावर धूळ आणि दारूची काजळी बसते. म्हणून आतून कोरड्या फडक्याने पुसायचं. जास्त तेल घालायचं नाही, तेलावर धूळ चिकटते.

पाचवी गोष्ट, एकच पद्धत. भरलेलं मॅगझीन टेबलावर रोज त्याच जागी, गोळ्यांची तोंडं रोज त्याच दिशेला. उचलताना तर्जनी मॅगझीनच्या पुढच्या कडेवर. बोट पुढे असलं की डबी उलटी जाऊच शकत नाही. आणि घालताना मुठीतल्या पोकळीकडे एक नजर टाकायची. “न बघता घाल” ही सिनेमातली गोष्ट. शिकताना बघूनच घालावं.

आता या पाच गोष्टींत वेग कुठेच नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. पुष्कळांना वाटतं, मॅगझीन झटक्यात बदलता आलं म्हणजे माणूस तयार झाला. पण घाईत केलेल्या कामाने हाताला फक्त घाईच शिकायला मिळते. दहा वेळा हळू आणि अगदी सारखं केलं की अकराव्या वेळी ते आपसूक लवकर होतं. पोळी लाटताना आपल्याला कुणी “पटापट” म्हणून शिकवली का? आधी गोल झाली, वेग मागून आला. रेंजवर हा सराव आधी बनावट काडतुसांवर करून घेतात, त्यांना डमी राऊंड म्हणतात. त्यात दारू नसते. शेकडो वेळा भरा, बसवा, ओढून बघा, काढा. खऱ्या राऊंडचा खर्च नाही आणि धोकाही नाही. तरी डमीच्या सरावातही नळी समोरच आणि बोट ट्रिगरबाहेरच.

आता येते शिकवणाऱ्याकडे.

तुम्ही म्हणाल, पोलिसांत, लष्करात ओरडणं हे चालायचंच. परेडच्या मैदानावर ते ठीक आहे. तिथे दोनशे जणींनी एकाच वेळी पाय आपटायचा असतो, उस्तादांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायला हवा. पण तेच अनुभवी उस्ताद फायरिंगच्या रेंजवर आले की त्यांचा आवाज उतरतो. नाशिक असो, खंडाळा असो, मरोळ असो, प्रशिक्षण घेऊन आलेल्या कुणालाही विचारा. चांगले उस्ताद रेंजवर वेगळे असतात. आणि त्याला कारणं आहेत.

पहिलं कारण सुरक्षिततेचं. हातात भरलेलं पिस्तूल असलेल्या मुलीच्या मागून कुणी अचानक खेकसलं तर ती काय करेल? मागे वळून बघेल. माणूस वळला की त्याचे हात वळतात, आणि हातातली नळीही वळते. दचकलेला माणूस मूठही आवळतो. बोट ट्रिगरवर असेल तर गोळी सुटते. म्हणजे ओरडणाऱ्याने शिस्त लावण्याच्या नावाखाली स्वतःकडेच नळी वळवून घेतलेली असते.

दुसरं कारण शरीराचं. भीती वाटली की छातीत धडधडतं, हाताला घाम येतो, बोटांची बारीक कामं बिघडतात. सुईत दोरा ओवताना कुणी डोक्यावर उभं राहून ओरडू लागलं तर ओवता येईल का? काडतुसाची कड पुढे-मागे बसवणं हे तितकंच बारीक काम आहे. घाबरलेली मुलगी मॅगझीन अर्धवट दाबते, ओढून बघायचं विसरते, स्लाईड धरून सोडते. मग पिस्तूल अडकतं. अडकलं की आणखी ओरडा बसतो. हा फेरा असाच चालू राहतो, आणि शेवटी वहीत शेरा पडतो, “उमेदवार कमजोर.”

तिसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. रेंजवर एक शब्द असा आहे की तो मोठ्यानेच म्हणायचा असतो. तो म्हणजे “थांबा”, किंवा “स्टॉप”. कुणी चुकून पुढे गेलं, कुणाची नळी वळली, तर हा शब्द कुणीही म्हणू शकतं, आणि ऐकला की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. ज्या शिकवणाऱ्याचा आवाज दिवसभर चढलेला असतो, त्याच्या “थांबा” आणि “कोपर वर घे” यातला फरक कुणाला कळणार? ज्याचा आवाज एरवी शांत, त्याचं एक “थांबा” सगळी रेंज गोठवतं. म्हणून तो आवाज जपून ठेवायचा असतो, घरातल्या अडीअडचणीच्या पैशासारखा.

मग चांगला शिकवणारा ओळखायचा कसा? मी तुम्हाला खुणा सांगते.

तो शस्त्र हातात देताना आधी मॅगझीन काढतो, मग चेंबर उघडतो, स्वतः बघतो, बोट घालून चाचपतो, तुमच्या मुलीला बघायला लावतो, आणि तिच्या तोंडून “खाली आहे” हे वदवून घेतो. वीस वर्षांचा अनुभव असला तरी हे टाळत नाही. तो मुलीच्या खांद्यामागे, जरासा बाजूला उभा राहतो, म्हणजे तिला वळावं लागत नाही. एका वेळी एकच गोष्ट सांगतो. कानावर इअरमफ असतात, लांब भाषण ऐकूच येत नाही, म्हणून त्याचे शब्द थोडे आणि ठरलेले असतात. हात किंवा खांदा सरळ करायचा असेल तर आधी विचारतो, “हात लावून दाखवू का?” आणि पिस्तूल अडकलं तर पहिला प्रश्न “काय केलंस तू?” असा नसतो. पहिलं वाक्य असतं, “नळी समोर ठेव, बोट बाहेर, थांब.” मग दोघं मिळून कारण शोधतात. मॅगझीन बसलं नव्हतं का? कड अडकली होती का? डबी नंबर तीन होती का? कारण सापडलं की राग करायला जागाच उरत नाही.

आणि वाईट शिकवणारा नेहमी ओरडतोच असंही नाही. काही जण गोड बोलतात पण हिरोगिरी करतात. ट्रिगरवर बोट ठेवून फोटो काढतात, बोलता बोलता पिस्तूल हातात खेळवतात, पहिल्याच दिवशी मुलीला मोठं शस्त्र देऊन तिला धक्का बसला की हसतात, “झेपलं नाही ना?” असं म्हणतात. असा माणूस ओरडणाऱ्याइतकाच धोकादायक. “चूल सांभाळ, हे तुझं काम नाही” हे वाक्य ऐकलं तर समजा, याला शस्त्र कळलेलं नाही. मॅगझीनच्या स्प्रिंगला, ती दाबणारं बोट बाईचं की पुरुषाचं, हे समजत नाही. आणि बोलण्या-वागण्यातला त्रास मर्यादेपलीकडे गेला तर लक्षात ठेवा, २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या प्रत्येक ठिकाणी तक्रारीसाठी अंतर्गत समिती असावी लागते. तिचा फलक कुठे आहे, हे मुलीला पहिल्याच आठवड्यात बघायला सांगा.

आता काही जणी म्हणतील, हे सगळं सरावाचं झालं, स्पर्धेत काय? स्पर्धेत तर नियमच या गोष्टी किती गंभीर आहेत ते दाखवतात. महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात साठ गोळ्या असतात. पहिल्या तीस सावकाश, पाच-पाचच्या गटात, प्रत्येक गटाला पाच मिनिटं. पुढच्या तीस जलद. हात खाली, दिवा हिरवा झाला की तीन सेकंदांत हात वर करून एक गोळी, मग सात सेकंद थांबायचं, परत तीन सेकंद. असे पाच. म्हणजे साठ गोळ्यांसाठी बारा वेळा पाच-पाच राऊंडचं मॅगझीन बसवायचं. “लोड” असा हुकूम आला की त्यासाठी एक मिनिट मिळतं. एक मिनिट पुष्कळ असतं, घाबरलं नाही तर.

मध्येच पिस्तूल अडकलं तर खेळाडूने पिस्तूल समोरच धरून मोकळा हात वर करायचा. पंच येऊन बघतात. पिस्तुलाचा दोष असेल तर तिला परत संधी मिळते. पण मॅगझीन नीट बसवलेलं नव्हतं, काडतुसं कमी भरली होती, सेफ्टी काढायची राहिली होती, किंवा पंच येण्याआधीच तिने स्लाईडला हात लावला, तर तो खेळाडूचा दोष धरतात आणि न सुटलेल्या गोळ्या शून्य गुणांच्या. इतक्या वर्षांची मेहनत, आणि निकाल ठरतो एका ‘खट्’वर. म्हणूनच मी ओढून बघायला सांगते.

याच २५ मीटर पिस्तुलात आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१३ मध्ये दक्षिण कोरियातल्या चांगवानच्या विश्वचषकात सुवर्ण जिंकलं, आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्या काळात तिला शिकवत होत्या मुंखबयार दोर्जसुरेन. मूळच्या मंगोलियाच्या, पुढे जर्मनीकडून खेळल्या, आणि १९९२ व २००८ अशा दोन ऑलिंपिकमध्ये याच प्रकारात कांस्यपदक. बाईने बाईला पिस्तूल शिकवलं आणि सुवर्ण आलं.

आपल्याकडे अशा शिक्षिका कमी नाहीत. सुमा शिरूर आणि दीपाली देशपांडे दोघी २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळल्या आणि नंतर प्रशिक्षक झाल्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला रायफलीत कांस्य मिळवलं, त्याच्या मागे दीपालीताईंची शिकवण आहे. आणि ज्यांना वाटतं की पोलिसी शिस्त आणि शांतपणा एकत्र नांदत नाही, त्यांनी नाशिकचे भीष्मराज बाम आठवावेत. वरिष्ठ पोलीस अधिकारी म्हणून निवृत्त झाले आणि नेमबाजांना मन एकाग्र कसं ठेवायचं ते शिकवत राहिले.

मनू भाकरचंही सांगते. २०२१ मध्ये टोकियोला दहा मीटर एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत तिच्या पिस्तुलातच बिघाड झाला. एअर पिस्तुलाला मॅगझीन नसतं, एकेक छर्रा घालावा लागतो, त्यामुळे हा दोष वेगळा होता. दुरुस्तीत वेळ गेला आणि दोन गुणांनी अंतिम फेरी हुकली. तीच मुलगी २०२४ मध्ये पॅरिसहून दोन कांस्यपदकं घेऊन आली. हत्यार दगा देऊ शकतं. त्यानंतर माणूस कसा उभा राहतो, हे त्याला शिकवताना कसं वागवलं गेलं त्यावरही ठरतं.

आता एक गोष्ट अशी सांगते की जी रेंजवर कधीच न जाणाऱ्या मैत्रिणींसाठीसुद्धा आहे. ज्यांचे मालक पोलिसांत आहेत, बँकेत किंवा एटीएमच्या गाडीवर गनमन आहेत, ज्यांच्या घरी परवान्याची बंदूक आहे, त्यांनी कान देऊन ऐका. मॅगझीन काढलं म्हणजे बंदूक रिकामी झाली, असं नाही. एक काडतूस चेंबरमध्ये राहिलेलं असू शकतं, आणि तेवढं एक पुरे असतं. “साफ करताना गोळी सुटली” या बातम्या आपण वाचतो, त्यामागे पुष्कळदा हेच असतं. रिकामं करण्याचा क्रम आहे. आधी मॅगझीन बाहेर, मग स्लाईड मागे ओढून चेंबरमधलं काडतूस बाहेर, मग डोळ्याने बघणं आणि बोटाने चाचपणं. क्रम उलटा केला, आधी चेंबर रिकामं केलं आणि मॅगझीन आतच राहिलं, तर स्लाईड पुढे येताना दुसरं काडतूस आत घेऊन येते. आपल्याला वाटतं रिकामी, आणि ती भरलेली. म्हणून घरच्या बायकांनी ती हाताळूच नये, मुलांना दाखवू नये, आणि घरधन्याला विनासंकोच विचारावं, “कुलपात ठेवली का? गोळ्या वेगळ्या ठेवल्या का?” हा प्रश्न म्हणजे संशय नव्हे. गॅस बंद केला का, हे आपण रोज विचारतोच की.

कायद्याचं थोडं. शस्त्राचा परवाना २१ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. लहान वयाच्या खेळाडूंना क्लबच्या शस्त्रावर, क्लबमध्येच, देखरेखीखाली शिकायचं असतं. कुणी म्हणालं, “शेतात चला, मी शिकवतो,” तर तो कितीही जवळचा नातेवाईक असो, नाही म्हणा. लग्नात, वरातीत हौसेने गोळी झाडणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

शेवटी, मुलीला रेंजवर घालायला जाल तेव्हा कोपऱ्यात बसून अर्धा तास नुसतं बघा. तिथे भिंतीवर नियम लिहिलेत का? सगळ्यांच्या कानाला आणि डोळ्यांना संरक्षण आहे का? सराव संपल्यावर चेंबरमध्ये रंगीत पट्टी घालतात का, ज्याला सेफ्टी फ्लॅग म्हणतात? राऊंड मोजून देतात आणि रिकाम्या केस मोजून परत घेतात का? एखाद्या मुलीचं पिस्तूल अडकलं तर शिकवणाऱ्याचा चेहरा कसा होतो? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की बाकी पत्रक वाचायची गरज नाही.

आणि मुलगी घरी आल्यावर तिला “किती गुण पडले?” असं आधी विचारू नका. “आज मॅगझीन किती वेळा बसवलंस, आणि किती वेळा ओढून बघितलंस?” असं विचारा. ती हसेल आणि म्हणेल, “आई, तुला काय माहीत?” तेव्हा सांगा, रेडिओवर ऐकलं.

तुमचे प्रश्न केंद्रावर कळवा, पुढच्या वेळी उत्तरं देईन. आज इथेच थांबते. नमस्कार.